वेगळं करण्याचं बिल

(दृश्य : भंडारा जिल्हा, मे महिना, सकाळचे नऊ. मामा तलावाची पाळ. पाणी आटून मधोमध गेलेलं, कडेला भेगाळलेला गाळ. दोन म्हशी पाण्यात बसलेल्या.)

निवेदन :
साकोलीच्या भागात अशी तळी जागोजाग दिसतात. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेली, पुढं मालगुजारांच्या ताब्यात राहिलेली आणि मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झालेली. माजी मालगुजारी, म्हणून मामा तलाव. ऑगस्टात पाळीला टेकणारं पाणी मे महिन्यात असं मधे गोळा होऊन बसतं. काही धानाला गेलं, काही ढोरांनी प्यायलं, काही जमिनीत मुरलं. बरंचसं उन्हानं नेलं.

पण उन्हानं ते सरसकट नेलं नाही, निवडून नेलं.

(दृश्य : पाण्याचा पृष्ठभाग, अगदी जवळून.)

पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. हायड्रोजनच्या केंद्रात बहुतेक वेळा एकटा प्रोटॉन असतो. मात्र साधारण ६,४०० हायड्रोजनांमागे एक असा निघतो, की त्याच्या केंद्रात प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉनही आहे. तो ड्युटेरियम. वजन दुप्पट, रासायनिक वागणूक जवळजवळ तीच. असा अणू पोटात असलेला पाण्याचा रेणू वाफ व्हायला जरा कुरकुरतो. २५ अंश सेल्सिअसला पाण्यावरून वाफ उठते तेव्हा तिच्यातलं ड्युटेरियमचं प्रमाण खालच्या पाण्यातल्यापेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी असतं. म्हणजे हलकं पाणी पुढं निघून जातं आणि जड मागं राहतं. या तलावात आज उरलेलं पाणी गेल्या पावसाळ्यातल्या पाण्यापेक्षा किंचित जड आहे.

बोअरच्या क्षारवट पाण्याशी या जडपणाचा काही संबंध नाही. हा जडपणा जिभेला कळत नाही, डाळ शिजायला त्यानं उशीरही होत नाही. रेणूंची वजनं मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला मात्र तो कळतो. गावातल्या विहिरीचं पाणी या तलावातून मुरत आलंय की थेट पावसाचं आहे, याचा अंदाज भूजलाचे अभ्यासक याच फरकावरून बांधतात.

तर हा तलाव आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, वेगळे करण्याचं काम करतोय, रोज आणि फुकट. हेच काम माणसाला करायचं असेल तर किती मेहनत पडेल? आणि ती मेहनत मोजायची कशात? किलोत, रुपयांत, की विजेच्या युनिटांत?

(दृश्य : गावातली गल्ली. एका घरावरचं विजेचं मीटर, फिरणारे आकडे.)

सुरुवात युनिटांपासून करू, कारण निसर्गाचा हिशेब ऊर्जेतच चालतो.

दोन वायू एका भांड्यात सोडले की ते आपसूक मिसळतात, त्याला कुणाची मदत लागत नाही. परत वेगळे करायला मात्र काम करावं लागतं. कमीत कमी किती, हे उष्मागतिकीनं, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सनं, एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलंय. मिसळण्यानं जेवढी एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा, वाढली, तिला तापमानानं गुणा. तेवढं काम तुम्हाला भरावंच लागेल. याहून स्वस्तात काम करून देणारं यंत्र अजून कुणी बांधलेलं नाही, पुढंही बांधता येणार नाही.

दुर्मीळ गोष्ट मोठ्या साठ्यातून वेचायची असेल तर हा हिशेब फार सोपा होतो. वायूचा स्थिरांक, गुणिले तापमान, गुणिले दुर्मीळपणाचा नैसर्गिक लॉगॅरिदम. ड्युटेरियम ६,४०० त एक. ६,४०० चा लॉगॅरिदम जेमतेम पावणेनऊ. समजा ते १२,८०० त एक असतं, म्हणजे दुप्पट दुर्मीळ, तरी पावणेनऊचे साडेनऊ झाले असते. बस. दुर्मीळपणाला निसर्ग फार दाम लावत नाही.

(दृश्य : पाटीवर खडूनं लिहिलेला गुणाकार.)

२७ अंशांना स्थिरांक आणि तापमान यांचा गुणाकार येतो मोलमागे साधारण २.५ किलोज्यूल. त्याला पावणेनऊनं गुणलं की ड्युटेरियमच्या एका मोलला सुमारे २२ किलोज्यूल. जड पाणी म्हणजे ज्यातला सगळा हायड्रोजन ड्युटेरियमच आहे असं पाणी. एक किलो शुद्ध जड पाण्यात ड्युटेरियमचे साधारण १०० मोल असतात. म्हणजे २,२०० किलोज्यूल. त्या मीटरच्या भाषेत ०.६ युनिट.

नदीच्या पाण्यातून एक किलो जड पाणी वेचायचं निसर्गाचं बिल एवढंच, ०.६ युनिट. या तलावातलं एक लिटर पाणी वाफ करून उडवायला सूर्य याहून थोडी जास्तच उष्णता खर्च करतो.

आता या हिशेबात काय नाही ते बघा. जड आणि हलक्या अणूच्या वजनात फरक किती, हे यात कुठंच आलेलं नाही. ते अणू एकमेकांसारखे किती दिसतात, किती वागतात, याची चौकशीच नाही. वजनात दुपटीचा फरक असो की शेकड्यात एकाचा, मिश्रणातलं प्रमाण तेच असेल तर कमीत कमी काम तेच. अमेरिकन शास्त्रज्ञ विलर्ड गिब्जच्या लक्षात ही गोष्ट आली होती आणि आजही विद्यार्थी तिथं अडखळतात. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, निसर्गाला एवढं पुरतं. किती वेगळ्या आहेत, ही आपली डोकेदुखी.

(दृश्य : ड्रोन. वैनगंगेचं पात्र, पुढं दोन नद्यांचा संगम.)

या तलावाचा सांडवा नाल्याला, नाला वैनगंगेला. वैनगंगा पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणातून सुटते आणि मार्कंड्याच्या देवळांना वळसा घालून गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याला येते. तिथं तिला वर्धा भेटते. दोघींची मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याला गोदावरीत उतरते. निम्म्याहून जास्त विदर्भाचं पाणी या एका वाटेनं तेलंगणात जातं. त्याच गोदावरीच्या काठावर, सिरोंच्याच्या खाली, मणुगुरू आहे. तिथं भारताचा एक मोठा जड पाणी प्रकल्प १९९१ मध्ये सुरू झाला. क्षमता वर्षाला १८५ टन.

म्हणजे आपल्या तलावानं वर्षानुवर्षं जे फुकट, थोडं थोडं केलं, ते या पाण्याच्या बाबतीत पुढं कारखान्यात होतं. फुकट मात्र नाही.

(दृश्य : उंच मनोऱ्यांचं रेखाचित्र. निळ्या रेषेनं पाणी खाली, पिवळ्या रेषेनं वायू वर.)

मणुगुरूची पद्धत अशी. पाणी वरून खाली सोडायचं आणि हायड्रोजन सल्फाइड वायू खालून वर. सडक्या अंड्यांच्या वासाचा आणि जीवघेणा वायू. दोघं भेटतात तेव्हा ड्युटेरियमची देवघेव होते. सुमारे ३० अंशांना ड्युटेरियम पाण्याकडं ओढ घेतं, वायूपेक्षा जवळजवळ २.३ पट. सुमारे १३० अंशांना ही ओढ कमी होऊन १.८ पटीवर येते. मग एक थंड मनोरा आणि एक गरम मनोरा. गरम मनोऱ्यात वायूनं पाण्याकडून ड्युटेरियम घ्यायचं, थंडात पाण्याला द्यायचं. अशा फेऱ्या घालत घालत प्रमाण वाढवायचं आणि शेवटचा टप्पा ऊर्ध्वपातनानं पुरा करून ९९ टक्क्यांच्या वर न्यायचं.

यात वायू आणि पाणी सतत तापवायचं, सतत थंड करायचं. प्रकल्पाला स्वतःचं कोळशावरचं वीजघर आहे, यातच सगळं आलं. ०.६ युनिटाच्या बिलाऐवजी या पद्धतीला प्रत्यक्षात लागणारी ऊर्जा हजारो पटींनी जास्त असते. इंजिनिअर मठ्ठ आहेत म्हणून नव्हे. या जास्तीच्या हजारो पटींनाही एक नियम आहे, आणि तो शोधायला पॉल डिरॅकसारखा मोठा भौतिकशास्त्रज्ञ लागला.

(दृश्य : घराची पडवी. एक आजीबाई सुपात तांदूळ घोळताहेत. सुपाच्या कडेला खडे सरकताहेत. बोट येतं, खडा उचलून बाजूला टाकतं.)

या आजींनी सूप हातात घेतलं तेव्हा आम्ही कॅमेरा लावून बसलो. आधी दोन झटके, कोंडा उडाला. मग सूप तिरपं धरून गोल घोळणं. तांदूळ मागं, खडे पुढच्या कडेला. पहिल्या घोळण्यात मूठभर खडे निघाले. दुसऱ्यात दोन-चार. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एक. त्यांना विचारलं, आजी, आता तर खडे उरलेच नाहीत, मग एवढं कशाला घोळता?

आजी : खडा एक असो का पन्नास, सूप तं तेवढंच हालवा लागते ना बाप्पा.

(दृश्य : सूप. घोळण्याचा आवाज, चार-पाच क्षण निवेदन नाही.)

निवेदन :
उष्मागतिकी सुपातले खडे मोजते. हात मोजतो तो सुपाचे झटके. खडे कमी असतील तर निसर्गाच्या वहीत काम कमी. हाताला मात्र झटका तेवढाच पडतो.

आयसोटोप वेगळं करणारं यंत्र या हातासारखं आहे. त्यातून मिश्रण जातं, थोडं समृद्ध होऊन एका बाजूनं बाहेर पडतं आणि थोडं निकस होऊन दुसऱ्या बाजूनं. आत आलेल्या मिश्रणात हवी ती गोष्ट अर्धा टक्का आहे की पन्नास टक्के, हे यंत्राला ठाऊक नसतं. पंप तेवढाच फिरतो, मोटर तेवढीच वीज खाते. निसर्गाच्या हिशेबानं मात्र एकाच झटक्यात झालेलं खरं काम या प्रमाणावर अवलंबून असतं : हव्या भागाचं प्रमाण गुणिले नको त्या भागाचं प्रमाण. पन्नास-पन्नास असेल तेव्हा हा गुणाकार ०.२५. नैसर्गिक युरेनियममध्ये अणुभट्टीला हवा तो हलका आयसोटोप असतो तसं ०.७ टक्का असेल तर ०.००७. म्हणजे एकाच यंत्राचा एकच झटका, पण उष्मागतिकीच्या मापानं एकीकडं काम पस्तीस पट.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये डिरॅक आणि रुडॉल्फ पायर्ल्स, आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात कार्ल कोहेन, या प्रश्नाशी झटत होते. कोहेन ज्यांच्या हाताखाली काम करत होता ते हॅरल्ड युरे. ड्युटेरियम शोधणारे, १९३४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी. प्रश्न उलटा करून विचारायचा, ही यातली खरी चलाखी. मिश्रणाचं असं एखादं मूल्य ठरवता येईल का, की यंत्राच्या प्रत्येक झटक्यानं ते मूल्य सारखंच वाढेल, आत काहीही आलं तरी? असं मूल्य सापडलं की मेहनत मोजणं सोपं. बाहेर पडलेल्या मालाचं एकूण मूल्य वजा आत गेलेल्या मालाचं मूल्य.

(दृश्य : पाटीवर एकच सूत्र. व्ही म्हणजे दोन-क्ष-वजा-एक, गुणिले क्ष भागिले एक-वजा-क्ष याचा लॉगॅरिदम.)

असं मूल्य सापडलं, आणि ते हे. पाटीवर दिसायला अवघड आहे, पण त्याचा स्वभाव साधा. पन्नास-पन्नास मिश्रणाचं मूल्य शून्य, कारण त्याहून जास्त मिसळलेलं काही नसतं. कुठल्याही बाजूनं शुद्धतेकडं जा, मूल्य वाढत जातं. आणि शंभर टक्के शुद्धतेपाशी ते अनंत होतं.

मला या सूत्रात सगळ्यात आवडते ती ही शेवटची गोष्ट. उष्मागतिकी म्हणते, संपूर्ण शुद्ध माल हवाय? घ्या, ०.६ युनिट. यंत्र म्हणतं, संपूर्ण शुद्ध कधीच मिळणार नाही, किती का पैसे द्या. सुपातला शेवटचा खडा सगळ्यात महाग पडतो, तो असा.

या मोजमापाला सेपरेटिव्ह वर्क म्हणतात आणि एककाला सेपरेटिव्ह वर्क युनिट, बोलताना स्वू. गंमत म्हणजे हे एकक ज्यूल नाही, किलोवॉट-तासही नाही. ते किलोग्रॅम आहे. मूल्याला स्वतःचं एकक नाही, त्याला वजनानं गुणलं की किलोच उरतात. मेहनत किलोत मोजायची, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण एका किलो स्वूला वीज किती लागेल हे यंत्रावर ठरतं, म्हणून ऊर्जा या मापातून मुद्दाम बाहेर ठेवलेली आहे.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. अमेरिकेतल्या ओक रिजची, युरेनियम वेगळं करणारी यू आकाराची प्रचंड इमारत.)

युरेनियमचा हिशेब मांडून बघू. युरेनियम वायूच्या रूपात हाताळायचं तर फ्लोरिनशी जोडतात. फ्लोरिनचा निसर्गात एकच आयसोटोप सापडतो, हे आपलं नशीब, नाहीतर हिशेबाचा खिमा झाला असता. हलका रेणू ३४९, जड ३५२. वजनातला फरक शंभरात एकापेक्षाही कमी. १९४५ पासून अमेरिकेत जी पद्धत चालली तिच्यात हा वायू बारीक छिद्रांच्या पडद्यातून ढकलत. हलके रेणू जरा जास्त वेगानं धावतात म्हणून जरा जास्त पार होतात. एका पडद्यामागे जास्तीत जास्त फायदा १.००४३ पट. मेहनत या ०.००४३ च्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चालते. फरक निम्मा झाला की काम चौपट. अणू किती वेगळे आहेत, हा निसर्गानं न विचारलेला प्रश्न यंत्र इथं विचारतं, आणि वर्गात विचारतं.

वीज बनवणाऱ्या अणुभट्टीत चालणारं, हलका आयसोटोप ३.६ टक्के असलेलं एक किलो युरेनियम घ्या. मागं उरलेल्या निकस मालात ०.३ टक्के सोडायचे ठरवलं, तर नैसर्गिक युरेनियम लागतं सुमारे ८ किलो आणि मेहनत सुमारे साडेचार स्वू. पडद्यांच्या पद्धतीत एका स्वूला साधारण २,४०० युनिटं वीज जाई. म्हणजे किलोमागे दहा हजारांवर युनिटं. वायू गरगर फिरवून जड-हलकं वेगळं करणाऱ्या सेंट्रिफ्यूजला एका स्वूला ५० च्या आसपास लागतात, म्हणजे सव्वादोनशे युनिटं. पडद्यांचे कारखाने बंद का पडले याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. फ्रान्समधला २०१२ मध्ये बंद झाला, अमेरिकेतला शेवटचा त्याच्या पुढच्या वर्षी.

आणि निसर्गाचं बिल? त्याच एका किलोचं? सव्वाचारशे ज्यूल. शंभर वॅटचा दिवा चार सेकंद. म्हणजे आजचं उत्तम सेंट्रिफ्यूजही निसर्गाच्या बिलाच्या वीस लाख पट खर्च करतं, आणि पडद्यांची पद्धत नऊ कोटी पट. जड पाण्याच्या कारखान्यात ही पट हजारांतच राहते. दोन्हीकडं उष्मागतिकी एकच, हातातलं सूप मात्र वेगळं. हायड्रोजनमध्ये वजन दुप्पट, युरेनियमच्या वायूत शंभरात एकाचाही फरक नाही.

(दृश्य : पुन्हा मनोऱ्यांचं रेखाचित्र, शेजारी भारताचा नकाशा.)

भारतानं मोठ्या प्रमाणावर जी अणुभट्टी बांधली ती नैसर्गिक युरेनियमवर चालते. त्यातला समृद्ध करायचा भाग टळतो. त्याऐवजी न्यूट्रॉनांचा वेग कमी करायला जड पाणी लागतं. निवड अशी होती : युरेनियम वेगळं करत बसायचं की पाणी. आपण पाणी निवडलं. ते एकदा भट्टीत भरलं की इंधनासारखं जळत नाही, वर्षानुवर्षं तेच फिरतं. थोडी गळती भरून काढावी लागते, एवढंच. पालघर जिल्ह्यात तारापूरला ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या याच जातीच्या आहेत.

(दृश्य : सिरोंचा. प्राणहिता गोदावरीला मिळते तिथलं पात्र, नावाडी, वाळू.)

राहिला एक प्रश्न, उरलेल्याचं काय? मणुगुरूत आत गेलेल्या पाण्यातलं ड्युटेरियम सगळं काढत नाहीत. २.३ आणि १.८ या दोन आकड्यांच्या फरकानंच मर्यादा घातलेली आहे : फार तर बावीस टक्के. एका किलो जड पाण्यासाठी सगळं ड्युटेरियम काढता आलं असतं तर सहा टनांच्या आत पाणी पुरलं असतं. प्रत्यक्षात पाचवा हिस्सा धरला तरी तीस टनांच्या घरात जातं. बाकीचं परत नदीत.

युरेनियमवाले इथं आकडेमोड करत बसतात. मागं ०.३ ऐवजी ०.२ टक्केच सोडायचे ठरवले, तर त्याच एका किलोला ८ च्या जागी साडेसहा किलोंहून थोडं जास्त युरेनियम पुरतं, पण मेहनत साडेचार स्वूवरून साडेपाचच्या वर जाते. खनिज महाग झालं की पिळायचं, वीज महाग झाली की सोडायचं. बाजारातले दोन भाव बघून ही टक्केवारी ठरते. गोदावरीच्या पाण्याला असा भाव नाही. म्हणून तिथं चार हिस्से सोडून द्यायला कुणाचा हात अडत नाही, आणि पाचवा काढायलाच एवढे मनोरे लागतात.